मुंडी आणि मनूचं दुमडलेलं बोट

आमच्या मलकपेठेत मला अजूनही 'बात करना सिखाने वाली बाई' म्हणतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवाला शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगतोच, की ही बाई मुक्या मुलांना बोलतं करते. मी दुरुस्त करत नाही. सगळा जन्म लोकांना दुरुस्त करण्यात गेला, आता भाजी घेताना तरी गप्प बसावं. पण इथं दिवाळी अंकात चार पानं मिळाली आहेत, तर सांगूनच टाकते. बोलायला मी फार थोड्या मुलांना शिकवलं. बोलणं मागाहून येतं, कित्येकदा येतच नाही. त्याच्या आधी जे यावं लागतं, त्याच्यामागे मी नोकरीची सगळी वर्षं घातली.

ते काय, ते सांगते. वर्षभराचं मूल आईच्या कडेवर असतं. खिडकीत कावळा येऊन बसतो. मूल कावळ्याकडे बघतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं, मग परत कावळ्याकडे. ह्या मधल्या बघण्यात ते आईला विचारत असतं, तुला दिसला का? आई म्हणते, 'हो गं, काऊ.' आता तो कावळा दोघींचा झाला. दोघांनी मिळून एका गोष्टीकडे बघायचं आणि आपण मिळून बघतोय हे दोघांनाही ठाऊक असायचं, ह्यावर माणसाची सगळी भाषा उभी आहे. काही मुलांमध्ये हे मधलं बघणं होत नाही. काहींमध्ये होतं, पण आपल्याला ओळखू येत नाही. अशी मुलं आमच्या केंद्रात यायची.

गौलीगुड्याच्या एका वकिलांचा मुलगा होता. छताच्या पंख्याशिवाय तो कशाकडेच बघायचा नाही. वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला कोर्टातल्या आवाजात बजावलं, 'ह्याला पंखा बघू द्यायचा नाही.' मी हो म्हटलं आणि ते गेल्यावर पोराशेजारी चटईवर आडवी होऊन पंखा बघायला लागले. आमच्या कामाची पहिली रीत हीच. मूल जिकडे बघतंय तिकडे आधी आपण बघायचं. ते आपल्याकडे येणार नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं. कित्येक आठवडे आम्ही दोघं पंखा बघत पडलो होतो. वकीलसाहेब दारात उभे राहायचे आणि खरी उपचारांची गरज ह्या बाईलाच आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसायचं. एका दुपारी करंट गेला. पंखा हळू झाला, थांबला. पोरानं मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. पंख्याला काय झालं, हे तो मला विचारत होता. मी म्हटलं, 'करंट गेला रे.' वकीलसाहेब दारातल्या चपलांच्या बाकावर बसले आणि रुमाल शोधायला लागले.

तर असा हा धंदा. चटई लागते, मांडी घालायला गुडघे लागतात आणि चिवटपणा लागतो. बाकी काही लागत नाही, असं मी म्हणायची.

मग शहराचा नूर पालटला. पलीकडच्या टोकाला काचेच्या इमारती उठल्या. ज्याच्या त्याच्या घरी एक मुलगा कॉम्प्युटर शिकायला लागला आणि दुसरा अमेरिकेच्या व्हिसासाठी देवळात प्रदक्षिणा घालायला लागला. कंपन्यांना पैशाबरोबर पुण्यही हवं झालं. अशी एक कंपनी आमच्या केंद्राच्या दारात आली आणि आमचे संचालक राव सर हरखून गेले. राव सर माणूस वाईट नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या मुलांसारखाच होता, त्याच्यासाठी त्या काळी शहरात काही नव्हतं, म्हणून तर त्यांनी हे केंद्र काढलं. पण केंद्र चालवायचं म्हणजे सारखा हात पसरायचा. त्या हात पसरण्यानं माणूस वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला कोणीही काहीही विकू शकतं.

कंपनीनं आम्हाला रोबो दिला. त्याला धड नव्हतं, हात नव्हते, पाय नव्हते. एका ठोकळ्यावर मान आणि मानेवर पांढरं डोकं. डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे, भुवया वरखाली व्हायच्या. त्याचं इंग्रजी नाव मोठं गोंडस होतं, पण मुलांना सांभाळणाऱ्या आमच्या आयाबाई महमूदा आपा पहिल्या दिवशी त्याच्याभोवती फेरी मारून म्हणाल्या, 'हाथ नइं, पाँव नइं, पेट नइं. मुंडीच मुंडी है.' तेव्हापासून ती मुंडीच.

मुंडीबरोबर श्रीकांत आला. अमेरिकेत शिकून आलेला इंजिनियर, खम्ममचा. गोड पोरगा, बूट दाराबाहेर काढायचा. त्यानं मला समजावलं की मुंडी आधी मुलाच्या चेहऱ्याकडे बघते, मग मान वळवून खेळण्याकडे बघते. मुलानंही तिकडे बघितलं की शाबास म्हणते. मुलानं बोट दाखवलं तर त्या बोटाच्या दिशेला वळते. आणि कोणी किती वेळा कुठे बघितलं, हे सगळं मोजून स्क्रीनवर दाखवते. मी म्हटलं, 'श्रीकांत, म्हणजे हे माझंच काम करते.' तो लाजून म्हणाला, 'मॅडम, ही थकत नाही एवढंच.'

खोटं कशाला बोलू, काही मुलांना मुंडी मानवली. माणसाचा चेहरा ज्यांना सोसत नाही अशी मुलं असतात. माझ्या चेहऱ्यावर एका वेळी पन्नास गोष्टी हलतात, मुंडीच्या चेहऱ्यावर दोनच. एक मुलगा, जो माझ्याकडे पाठ करून बसायचा, तो मुंडीसमोर स्वतःहून जाऊन बसला. मला बरं वाटलं आणि रागही आला. दोन्ही खरं.

माझं भांडण यंत्राशी नव्हतंच. भांडण अटीशी होतं. कंपनीचं म्हणणं असं की मुंडीनं सगळ्या मुलांना तपासायचं. जी मुलं तिला प्रतिसाद देतील ती पुढच्या खोलीत, म्हणजे शिकवणीत. जी देणार नाहीत ती मागच्या खोलीत. मागच्या खोलीत खाऊ घालायचं, शी-शू बघायची, दुपारी घरी पाठवायचं. तिथे कोणी चटई टाकून शेजारी पडणार नव्हतं. राव सरांनी ह्यावर सही केली आणि मला नंतर सांगितलं.

आता मनू. चार वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या, तोंडातून एक अक्षर नाही. आजोबा तिला घेऊन यायचे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. भालकीकडचं शेतकरी घराणं, आबांच्या तरुणपणी शहरात आलेलं. अफझलगंजला बी-बियाण्याचं दुकान. आई-बाप दुकानात राबायचे, पोर आबांच्या अंगाखांद्यावर. माझ्याकडे तिला थोडेच दिवस झाले होते आणि मी अजून तिच्या शेजारी नुसती बसत होते. मनू पुढे बोलली का, हे लोक मला हमखास विचारतात. तो प्रश्न मला आवडत नाही, म्हणून त्याचं उत्तर इथं देणार नाही.

मुंडीनं मनूला तपासलं. मुंडी लाल चेंडूकडे वळली, मनू नाही वळली. मुंडी निळ्या मोटारीकडे वळली, मनू आपल्या फ्रॉकची किनार बघत राहिली. मनूनं एकदाही बोट दाखवलं नाही. स्क्रीनवर शून्य आलं. राव सर म्हणाले, मागची खोली.

मी म्हटलं, 'थोडे दिवस द्या, मी तिच्या घरी जाऊन बघते.' घरी जाऊन बघणं ही आमची दुसरी रीत. केंद्रातलं मूल म्हणजे निम्मं मूल.

दुकानावरच त्यांचं घर, घरावर गच्ची. गच्चीत आबांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून वेल चढवले होते. दोडका, घोसाळी, दुधी. खाली अफझलगंजच्या हातगाड्यांचा गोंधळ आणि वर हा मांडव. एका दुधीला नुकतं फळ धरलं होतं, टोकाला फूल तसंच. मी कौतुकानं बोट दाखवून म्हटलं, 'आबा, केवढासा आहे हो.' आबांनी माझा हात धरून खाली केला.

'बाई, बोट दावू नगा. कवळं हाय अजून, कुजतंय.'

मला हसू आलं, कारण लहानपणी आमच्याकडेही हे होतं. वेलीवरच्या कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच असेल तर बोट दुमडायचं आणि पेर पुढे करायचं. आबांनी तसं करून दाखवलं. 'आमच्यात असंच दावतेत. मनूला बी असंच शिकवलंय म्या. लई शहाणी हाय, येकदाबी चुकत न्हाई.'

मी मनूकडे बघितलं. ती घोसाळ्याच्या वेलीखाली उभी होती. तिनं बोट दुमडलं, पेर वर केलं, पानाआडच्या एका फळाकडे. मग मान वळवून आबांच्या तोंडाकडे बघितलं. मग परत फळाकडे. आबा म्हणाले, 'व्हय, दिसलं मला. मोठं झालंय.' ती पुढच्या वेलीकडे गेली. पुन्हा तेच. मग उडणाऱ्या कबुतराला तेच, शेजारच्या वाळत घातलेल्या साडीला तेच. ज्यानं तिला दाखवायला शिकवलं त्यानं एकच तऱ्हा शिकवली होती, आणि ती तिनं सगळ्या जगाला लावली होती. मुंडीनं शून्य दिलेलं पोर गच्चीभर बोलत सुटलं होतं. मी तिथेच डब्याच्या कडेवर बसले आणि रडले. आबा घाबरले. त्यांना वाटलं, आपण फळाचं काही बरंवाईट बोलले म्हणून मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी श्रीकांतला सांगितलं. तो प्रामाणिक होता. 'मॅडम, मुंडी बोटाचं टोक शोधते. दुमडलं तर तिच्या लेखी ती नुसती मूठ. तिला शिकवता येईल. पण कंपनीचे पाहुणे येताहेत, त्याआधी नाही होणार.'

राव सर म्हणाले, 'मग सोपं आहे की. तुम्हीच तिला बोट सरळ करायला शिकवा.'

खरंच सोपं होतं. तिचा हात धरायचा, बोट उघडायचं, आठवडाभर घोटून घ्यायचं. तिची जागा वाचली असती. पण त्या पोरीचं जगातलं पहिलं बोलणं ते, एका माणसाला तरी समजलेलं. आणि मी तिला सांगायचं की हे चुकलं, आधी डोक्याच्या ठोकळ्याला समजेल असं बोल?

'सर,' मी म्हटलं, 'तहानलेल्या माणसाला तुम्ही म्हणाल का, आधी इंग्रजीत पाणी माग, मग देतो?'

'मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीचं भांडण करता.'

'करते. शिकायचं तर यंत्रानं शिकावं. ते थकत नाही म्हणतात.'

श्रीकांत खाली बघून हसला. राव सर नाही हसले. शेवटी एवढं ठरलं की पाहुण्यांसमोर मनूला एक संधी द्यायची, आणि मांडणी माझ्या मनासारखी करायची. मी आबांना म्हटलं, त्या दुधीचा वेल घेऊन या. कापून आणायला आबा तयार होईनात. मग डब्यासकट, मांडवाच्या काठ्यांसकट, सगळा वेल ऑटोत घालून आणला. ऑटोवाल्यानं वाटेत एकही गचका दिला नाही, हे आबा दोनतीनदा सांगत होते.

पाहुणे आले. कंपनीचे साहेब लोक, एक गोऱ्या बाई, राव सरांची धावपळ. मुंडीला पुसून चकचकीत केलं होतं. समोर छोट्या खुर्चीवर मनू, एका अंगाला खिडकीशी दुधीचा डबा. मनूला आपला वेल परक्या खोलीत दिसला आणि तिचा चेहरा उजळला. तिनं बोट दुमडलं, पेर पुढे केलं आणि मुंडीच्या डोळ्यांत बघितलं.

मुंडी बघत होती एका साहेबांच्या लाल टायकडे. लाल रंग तिला फार आवडायचा, चेंडू लाल होता ना.

मनू थांबली. पुन्हा पेर पुढे केलं, पुन्हा मुंडीच्या डोळ्यांत बघितलं. मुंडी टायकडेच. मनू खुर्चीवरून उतरली, खुर्ची ओढत मुंडीच्या ठोकळ्याजवळ नेली, तिच्यावर चढली. दोन्ही तळहातांनी मुंडीचे गाल धरले आणि सगळा जोर लावून तिचं तोंड दुधीकडे वळवलं. आतून कडकड आवाज झाला. मनूनं वाकून मुंडीच्या डोळ्यांत बघितलं, मग दुधीकडे, मग परत डोळ्यांत. दिसला का?

महमूदा आपा हलक्या आवाजात मुंडीला म्हणाल्या, 'अब तो देख ले, निगोड़ी.'

स्क्रीनवर शून्यच होतं. मुंडीची मान अडकली ती अडकली. चहा, भाषणं, हारतुरे, सगळा कार्यक्रम होईपर्यंत मुंडी एकटक दुधीकडे बघत होती.

मला वाटलं होतं, आता ह्यापुढे कोण काय बोलणार. पण माणसं बोलतात. पाहुणे गेल्यावर राव सरांनी मला आत बोलावलं. यंत्राची नोंद शून्य आणि वर तोडफोड. मूल हिंसक आहे, मागच्या खोलीतही ठेवता येणार नाही. उद्यापासून आणू नका म्हणून आबांना सांगा.

'सर, तुम्ही तिथे होता. तुम्ही बघितलंत.'

'माझ्या बघण्याला कंपनीकडे किंमत नाही, मॅडम. तुमच्याही नाही.'

हे ते अगदी थकून बोलले. मला दया यायला हवी होती. मला संताप आला. मी म्हटलं, 'मग माझे डोळे काढून त्या मुंडीला बसवा. मी तरी कशाला बाळगू?' आणि आबांना मी काहीही सांगितलं नाही.

त्यामुळे सकाळी नेहमीच्या वेळेला आबा मनूला घेऊन आले आणि वॉचमननं त्यांना फाटकातच अडवलं. त्याला तशी ऑर्डर होती, बिचारा माझ्याकडे बघतही नव्हता. आबांना सगळं समजलं. ते म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या बाई. तुमची नोकरी जाईल. आमी गच्चीवर बरे हावोत.'

मी आत गेले, चटई काढली, बाहेर आले आणि फाटकासमोर फूटपाथवर अंथरली. 'आबा, बसा. मनूचा तास आहे.'

मलकपेठेचा रस्ता तो. रिक्षा, इडलीची हातगाडी, कॉलेजची पोरं, सगळे वळून बघत होते. मी मांडी घालून मनूशेजारी बसले. ती जिकडे बघत होती तिकडे बघत होते. मागच्या खोलीत गेलेल्या एका मुलाची आई फाटकाशी थांबली. आत बघितलं, बाहेर बघितलं, आणि पोराला घेऊन चटईच्या कडेला टेकली. मग आणखी एक. महमूदा आपा आतून पाण्याची घागर घेऊन आल्या आणि परत गेल्याच नाहीत. ज्या मुलांची नावं मुंडीनं कधीच खोडली होती त्यांच्यासाठी मी आधीच चटई बाहेर टाकायला हवी होती, असं त्या सकाळी फार वाटलं. अजूनही वाटतं.

राव सर खिडकीतून बघत होते. शेवटी उतरून बाहेर आले, कानशिलं लाल. 'मॅडम, हे काय चाललंय? रस्त्यावर? लोक काय म्हणतील, कंपनीला कळलं तर मी काय...'

त्याच वेळी जवळच्या रेसकोर्सच्या बाजूनं एक मोतद्दार, रोजच्यासारखा, घोड्याचा लगाम हातात धरून त्याला चालवत आणत होता. उंच, तांबडा, एका पायाला पांढरी पट्टी. मनू मान वर करून राव सरांकडे बघत होती. परक्या माणसाकडे मी तिला असं बघताना पाहिलं नव्हतं. तिनं बोट दुमडलं आणि पेर घोड्याकडे केलं.

राव सरांचं वाक्य तिथेच तुटलं. ते वळले. त्यांनी घोडा बघितला. आणि घरच्या नातवंडाशी बोलावं तसं, त्यांच्याही नकळत, तेलुगूत म्हणाले, 'गुर्रम.'

मनूनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग घोड्याकडे. घोडा टापा वाजवत समोरून गेला आणि वळणावर दिसेनासा झाला, तरी राव सर तिकडे बघतच उभे होते.

'सर,' मी म्हटलं, 'यंत्राचं उत्तर तुमच्याकडे आहे. आता तुमचं द्या. तिनं दाखवलं की नाही?'

त्यांनी वॉचमनला हातानं खूण केली, त्यानं फाटक उघडलं. आबांना म्हणाले, 'ऊन व्हायला लागलंय. हिला आत घ्या. सगळ्यांना घ्या. कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो.'

आबा उठायला लागले. मी त्यांना हातानं बसवलं. तास संपायला अजून वेळ होता आणि मनू वळणाकडे डोळे लावून बसली होती. मी चटईवर थोडी सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली.

'बसा सर,' मी म्हटलं. 'घोडा ह्याच वाटेनं परत येतो.'

राव सरांनी रस्त्याकडे बघितलं, मनूकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि बसले.